पक्ष्यांवर बोलायला उभं राहताना

पक्ष्यांवरच्या व्याख्यानात सगळ्यात जास्त टाळ्या मिळतात त्या दूरच्या जंगलात, हातभर लांबीच्या लेन्सने टिपलेल्या दुर्मीळ पक्ष्याच्या छायाचित्राला. व्याख्यान संपल्यावर ऐकणाऱ्याच्या सगळ्यात कमी उपयोगाचं असतं तेही तेच छायाचित्र. तो पक्षी त्याला उद्या सकाळी दिसणार नसतो, बहुधा कधीच दिसणार नसतो. वक्त्याच्या चिकाटीचं आणि कॅमेऱ्याचं कौतुक होतं, आभार मानले जातात, खुर्च्या उचलल्या जातात. पक्ष्यांच्या पदरात त्या तासाभरातून काहीच पडत नाही.

सोसायटीचा हॉल असो, शाळेचा वर्ग असो की ग्रंथालयातली बैठक, अशा ठिकाणी बोलताना हिशेब साधा ठेवावा. घरी परतणाऱ्या माणसाला रोज दिसणारा एखादा पक्षी नीट पाहण्याची रीत कळली का? आणि पक्ष्यांच्या बाबतीतली एखादी चुकीची सवय सोडायला त्याला पटेल असं कारण मिळालं का? या दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर छायाचित्रं थोडी धूसर असली तरी चालतं.

तासाभराच्या कार्यक्रमात चाळीस मिनिटं बोलणं आणि वीस मिनिटं प्रश्न, ही वाटणी शक्यतो मोडू नये. चाळीस मिनिटांत पक्षी घ्यावेत आठ, फार तर दहा. नवख्या वक्त्याला हा आकडा कमीपणाचा वाटतो आणि तो साठ पक्षी घेऊन येतो. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस सेकंद. तेवढ्यात नाव सांगून होतं, पक्षी सांगून होत नाही. आठ पक्षी म्हणजे चिमणी, साळुंकी, बुलबुल, दयाळ, कावळा, घार, होला आणि कोकिळ असे नेहमीचेच असावेत. प्रत्येकाची चार छायाचित्रं लागतात: नर, मादी, पिल्लू, आणि चौथं सगळ्यात महत्त्वाचं, तो पक्षी प्रत्यक्षात जसा दिसतो तसं. पाठमोरा, अर्धा पानांआड, मागे पांढरंफटक आकाश. हे चौथं छायाचित्र कुणी मुद्दाम काढत नाही, काढलं तर पुसून टाकतं. खरी शिकवण त्यातच असते.

कोकिळेचंच घ्या. काळाभोर, लाल डोळ्यांचा दिसतो तो नर, आणि ‘कुहू’ गातो तोही नरच. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके आणि पट्टे असलेली. ती झाडावर दिसली की ससाणा किंवा ‘कुठला तरी नवा पक्षी’ दिसल्याची बातमी पसरते. दयाळाची मादी काळ्याऐवजी करडी असते. सूर्यपक्ष्याच्या मादीच्या अंगावर नराची चमक नसते, वाकडी चोच मात्र असते. नर-मादीची जोडी शेजारीशेजारी दाखवली की श्रोत्यांच्या डोक्यातली पक्ष्यांची यादी एकदम छोटी होते आणि धीर येतो.

ओळख पटवण्याचा क्रमही आधी सांगून टाकावा, कारण प्रत्येक जण चुकीच्या टोकापासून सुरुवात करतो, रंगापासून. रंग शेवटी पाहावा. पक्ष्यामागे सूर्य असेल तर सगळेच पक्षी काळे. संध्याकाळच्या उन्हात पांढरा बगळाही सोनेरी दिसतो. आधी चण पाहावी. त्यासाठी चार ओळखीची मापं पुरतात: चिमणी सुमारे १५ सेंटिमीटर, साळुंकी २३ ते २५, कावळा ४०, घार ६०च्या आसपास. ‘साळुंकीपेक्षा किंचित मोठा, कावळ्यापेक्षा लहान’ एवढं सांगता आलं तरी निम्मे पर्याय गळतात. मग चोच जाड की बारीक, सरळ की वाकडी. मग शेपटी. घार आणि इतर शिकारी पक्षी आकाशात खालून सारखेच वाटतात, पण घारीच्या शेपटीच्या टोकाला मधोमध खाच असते. मग वागणूक. धोबी चालताना शेपटी सतत वरखाली हलवतो. वेडा राघू तारेवरून झेपावून हवेतला किडा धरतो आणि बऱ्याचदा परत त्याच जागी येऊन बसतो. सुतार उडताना लाटेसारखा वर-खाली जातो. रंगाकडे वळायचंच झालं तर अंगापेक्षा चोचीचा आणि पायांचा रंग जास्त खरं बोलतो. सगळेच ‘पांढरे बगळे’ एक नसतात: गायबगळ्याची चोच पिवळी, लहान बगळ्याची काळी, आणि लहान बगळ्याचे पाय काळे पण बोटं पिवळी, पिवळे मोजे घातल्यासारखी.

आवाज ऐकवताना लॅपटॉपच्या स्पीकरवर विसंबू नये. भारद्वाजाचा खोल ‘कूप-कूप’ त्यातून जवळजवळ येतच नाही. छोटा वेगळा स्पीकर न्यावा आणि हॉलच्या शेवटच्या रांगेत जाऊन आधी ऐकून पाहावं. उलट टोकाची अडचणही लक्षात ठेवायची. वय वाढतं तशी वरच्या पट्टीतली ऐकण्याची क्षमता कमी होत जाते. सूर्यपक्ष्याची बारीक चिवचिव समोरच्या काही ज्येष्ठांना खरोखरच ऐकू येत नसते. त्यांना ‘ऐकू आलं ना?’ असं भर सभेत विचारण्यात काही अर्थ नाही. त्यांच्यासाठी बुलबुल, भारद्वाज, तांबट, टिटवी असे भरदार आवाज मुद्दाम ठेवावेत.

हे आवाज हॉलमध्येच ऐकवायचे, बाहेर रानात वाजवायचे नाहीत. विणीच्या दिवसांत नराला आपल्या हद्दीत दुसरा नर शिरल्यासारखं वाटतं. तो चारा शोधणं सोडतो, उघड्यावर येतो, नसलेल्या शत्रूला हाकलत राहतो. तेवढा वेळ घरट्याकडे दुर्लक्ष होतं आणि तो स्वतः शिक्र्यासारख्या शिकारी पक्ष्याच्या नजरेत येतो. एकट्याने एकदा वाजवलं तर फार बिघडत नाही, असा युक्तिवाद होतो. पण त्याच झाडाखाली दर रविवारी वेगवेगळे गट येत असतात आणि प्रत्येकाला आपलंच ‘एकदा’ वाटत असतं.

व्याख्यानाला जोडून फेरी असेल तर ती दुसऱ्या दिवशी सकाळी, सूर्योदयानंतर अर्ध्या तासात सुरू व्हावी. बारा ते पंधरा माणसं ठीक. त्याहून जास्त असली की मागच्यांना फक्त पुढच्यांच्या पाठी दिसतात. चालण्यापेक्षा थांबणं जास्त ठेवावं. एका जागी दहा मिनिटं गप्प उभं राहिलं की पहिल्या तीन-चार मिनिटांत काहीच घडत नाही, मग आपल्यामुळे दबकलेले पक्षी पुन्हा कामाला लागतात. नेमक्या त्याच वेळी गटातल्या कुणाला तरी ‘इथं काही नाही, पुढे जाऊ’ असं वाटतं.

दुर्बीण हा फेरीतला सगळ्यात मोठा अडथळा असतो, कारण ती हातात दिली जाते पण जुळवून दिली जात नाही. नवशिक्याला ८ × ४२ ची दुर्बीण बरी. आठ पट मोठं दिसतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर असतो; ४२ला ८ने भागलं की डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत ५ मिलिमीटरहून थोडा रुंद येतो, पहाटेच्या अंधूक उजेडातही तो पुरतो. १० पटीची दुर्बीण भारी वाटते, पण हाताची थरथरही दहा पट करते आणि दिसणारा परिसर अरुंद करते. जुळवणी अशी: आधी दोन नळ्या मिटत-उघडत डोळ्यांच्या अंतराला बसवायच्या, म्हणजे दोन वर्तुळांचं एक वर्तुळ होतं. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला दूरची एखादी पाटी स्पष्ट करायची. मग डावा डोळा मिटून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या भिंगाजवळचं कडं फिरवून तीच पाटी उजव्या डोळ्याला स्पष्ट करायची. यापुढे फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर डोळ्यांजवळच्या रबरी वाट्या आत दाबायच्या, नसेल तर बाहेर काढायच्या. हे उलटं झालं की कडेला काळी चंद्रकोर दिसते आणि माणूस दुर्बिणीला नावं ठेवतो. आणि पक्षी शोधताना नजर त्याच्यावरून हलवायची नाही. दुर्बीण वर आणून डोळ्यांसमोर धरायची. जवळपास सगळेच आधी मान खाली घालून दुर्बिणीकडे बघतात, मग वर, आणि मग विचारतात, ‘कुठल्या फांदीवर?’

नोंद ठेवायची तर पूर्ण ठेवावी. सुरुवातीची वेळ, किती मिनिटं, किती अंतर, आणि ओळखलेले सगळे पक्षी, कावळे-पारव्यांसकट. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने आणि ऑडुबॉन संस्थेने २००२ साली सुरू केलेल्या, लोकांकडून पक्ष्यांच्या नोंदी गोळा करणाऱ्या ‘ई-बर्ड’सारख्या व्यवस्थेत अशा याद्यांनाच किंमत आहे. ‘आज नवरंग दिसला’ ही आनंदाची बातमी झाली. चाळीस मिनिटांत कावळे बारा, चिमण्या शून्य, ही माहिती झाली.

आता प्रश्न. ते कुठेही गेलं तरी फारसे बदलत नाहीत, आणि व्याख्यानाचा खरा कस तिथेच लागतो.

पहिला प्रश्न खाली पडलेल्या पिल्लाचा. उत्तर द्यायच्या आधी उलट विचारावं, ‘अंगावर पिसं होती का?’ पिसं आलेलं, आखूड शेपटीचं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू पडलेलं नसतं, घरट्यातून निघालेलं असतं. बऱ्याच पक्ष्यांची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात आणि काही दिवस जमिनीवर-झुडपात काढतात. आई-बाप तिथेच येऊन भरवतात. त्याला मांजर किंवा रहदारीचा धोका असेल तर जवळच्या झुडपावर ठेवावं आणि लांब जाऊन तासभर लक्ष ठेवावं. लांब म्हणजे खरंच लांब. आपण तीन मीटरवर उभे असताना आई-बाप खाली येत नाहीत आणि मग ‘त्याला टाकून दिलं’ असा निष्कर्ष निघतो. वाचवायच्या हेतूने घरी उचलून नेलेल्या पिल्लांत अशी धडधाकट पिल्लं पुष्कळ असतात.

उघडं, डोळे मिटलेलं पिल्लू असेल तर ते खरंच पडलेलं असतं. घरटं सापडलं तर सरळ परत ठेवावं. माणसाचा हात लागला की आई त्याला घेत नाही, ही समजूत खोटी आहे. पिल्लावर इतके दिवस खपलेले आई-बाप हाताच्या वासापायी ते सोडत नाहीत. घरटंच मोडलं असेल तर तळाला भोकं असलेली छोटी टोपली घ्यावी, आत सुकं गवत, आणि मूळ जागेच्या शक्य तितक्या जवळ, सावलीत घट्ट बांधावी. हे जमलं नाही तरच खोका. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, तळाला साधं सुती कापड. टॉवेल नको, त्याच्या सुटलेल्या धाग्यांत नख्या अडकतात. खोक्याच्या एका बाजूला कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवावी, दुसरी बाजू मोकळी, म्हणजे जास्त उबलं तर पिल्लाला सरकता येतं. आणि ड्रॉपरने पाणी पाजायचं नाही. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडतं. थेंब चुकला की पाणी फुप्फुसात जातं. दूध तर नाहीच, पक्ष्यांना ते पचत नाही. ‘दूधपाव भरवला, रात्रभर जपलं, तरी सकाळी गेलं’ असं सांगणाऱ्याला हे कारण हळुवारपणे सांगावं लागतं. खोक्यातलं पिल्लू शक्य तितक्या लवकर वन्यजीव उपचार केंद्राकडे द्यावं. वन्य पक्षी घरी ठेवणं बऱ्याच देशांत गुन्हा आहे, हेही सांगून ठेवावं.

दुसरा प्रश्न काचेचा, आणि तो बरेचदा तक्रारीच्या रूपात येतो: ‘पक्षी वेड्यासारखे खिडकीवर आपटतात.’ यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. तोच पक्षी रोज येऊन काचेवर किंवा गाडीच्या आरशावर चोची मारत असेल तर तो आपल्याच प्रतिबिंबाशी भांडतो आहे. विणीचे दिवस संपेपर्यंत आरशावर पिशवी चढवावी, काचेला बाहेरून कागद लावावा, विषय संपतो. जोरात येऊन आदळणारा पक्षी मात्र काच पाहतच नसतो. त्याला तिच्यात उमटलेलं झाड दिसतं, किंवा आरपार पलीकडची कुंडी. डॅनिअल क्लेम या अमेरिकी पक्षीतज्ज्ञाने १९७०च्या दशकापासून या एकाच विषयाला वाहून घेतलं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकट्या अमेरिकेत इमारतींवर आदळून वर्षाला ३६.५ कोटी ते ९८.८ कोटी पक्षी मरतात असा अंदाज मांडला आहे.

उपाय म्हणून लोक ससाण्याच्या आकाराचं एक काळं स्टिकर लावतात. त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. न हलणाऱ्या आकृतीला पक्षी ससाणा मानत नाही, तिच्या बाजूने वळतो आणि शेजारच्या मोकळ्या काचेवर आदळतो. काचेवर खुणा हव्यात, त्या बाहेरच्या बाजूने हव्यात, आणि त्यांच्यात आडव्या-उभ्या कुठल्याही दिशेने ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त मोकळी जागा राहता कामा नये. ठिपका निदान ६ मिलिमीटरचा असावा. आतून चिकटवलेल्या खुणा बाहेरच्या प्रतिबिंबाखाली बुडून जातात. या कामात सगळ्यात जास्त वाया जाणारी मेहनत हीच. ज्यांना ठिपक्यांची पट्टी मिळत नाही त्यांनी साबणाच्या वडीने बाहेरून रेघोट्या माराव्यात, किंवा खिडकीवरून बारीक दोऱ्या दहा-दहा सेंटिमीटरवर मोकळ्या लोंबत सोडाव्यात; लोंबत्या दोऱ्यांना एवढं अंतर चालतं. वाऱ्याने हलल्या तर उत्तमच. दाण्याचं भांडं खिडकीजवळ ठेवायचं असेल तर मीटरभराच्या आत किंवा दहा मीटरच्या पलीकडे. अगदी जवळून उडालेल्या पक्ष्याला वेगच आलेला नसतो, मधल्या अंतरात मात्र तो पुरेपूर येतो.

आदळून खाली पडलेल्या पक्ष्याला पाणी-दाणा काही देऊ नये, हातात धरून बसू नये. झाकणाच्या खोक्यात, अंधारात, शांत जागी तासभर ठेवावा आणि मग खोका उघड्यावर नेऊन उघडावा. घरात उघडून ‘बरा झाला का’ बघायला गेलं की तो पुन्हा काचेकडेच झेपावतो.

दाणा घालावा का, यावर वाद रंगतो. पाणी ठेवावं, यावर नाही. भांडं उथळ हवं, अडीच ते पाच सेंटिमीटर. त्याहून खोल भांड्यात लहान पक्षी उतरत नाहीत आणि उतरलेले कधी बुडतात. तळ खरखरीत, मध्ये एक दगड. झुडपापासून दोन-तीन मीटर दूर, म्हणजे पक्ष्याला पळायला आसरा जवळ राहतो, पण मांजर दबा धरून एका झेपेत पोचत नाही. पाणी रोज बदलावं आणि भांडं घासावं. नुसतं वरून पाणी ओतत राहिलं तर तळाशी शेवाळ, विष्ठा आणि डासांच्या अळ्या तशाच राहतात. दाण्यातला धोकाही हाच, एकाच भांड्यावर अनेक चोची. ब्रिटनमध्ये २००५पासून एका परजीवी रोगाने ग्रीनफिंच या पक्ष्याची संख्या कोसळली आणि तो पसरायला अस्वच्छ दाणापात्रं आणि पाण्याची भांडी कारणीभूत ठरली. पारव्यांना पोत्याने धान्य घालणं हा तर वेगळाच प्रकार. पारवा पिल्लांना अन्नपिशवीत तयार होणाऱ्या दुधासारख्या स्रावावर वाढवतो, त्यामुळे इतर पक्ष्यांसारखं किड्यांच्या हंगामावर त्याला अवलंबून राहावं लागत नाही. धान्य मिळत राहिलं तर तो वर्षभर वीण घालतो. वाळलेल्या विष्ठेची धूळ रोज फुप्फुसात गेली की काही माणसांना चिवट श्वसनविकार जडतो. दाणा घालणाऱ्याच्या श्रद्धेला हात न लावता हे सांगता येतं, सांगावंच.

‘चिमण्या मोबाइलच्या मनोऱ्यांनी गेल्या ना?’ या प्रश्नात प्रश्नचिन्ह नावालाच असतं. ब्रिटनमध्ये चिमण्या कमी व्हायला १९७०च्या दशकाअखेर सुरुवात झाली, तेव्हा मोबाइल नव्हते. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२०च्या अहवालात भारतभरचा चिमणीचा आकडा एकंदर स्थिर दिसला, मोठ्या शहरांत मात्र घट दिसली. शहरात तिला भिंतीत भोक मिळत नाही आणि पिल्लांना पहिल्या दिवसांत लागणारे मऊ किडे मिळत नाहीत. घरट्यासाठी लाकडी खोका लावून भोकाचा प्रश्न सुटतो, किड्यांचा नाही. त्यासाठी कीटकनाशक न मारलेलं थोडं वेडंवाकडं गवत आणि झुडपं लागतात. खोका लावायचाच तर दाराचं भोक ३२ मिलिमीटर, तळापासून निदान १५ सेंटिमीटर वर, लाकूड दीड सेंटिमीटर जाड, तळाला पाणी निथळायला बारीक भोकं, उंची अडीच-तीन मीटर, दुपारचं ऊन न येणारी भिंत. चिमण्यांना शेजार आवडतो, म्हणून दोन-तीन खोके जवळजवळ. दारासमोर बसायची काडी नको. चिमणीला ती लागत नाही, ती उपयोगी पडते पिल्लं ओढून नेणाऱ्याला. विकत मिळणाऱ्या शोभिवंत खोक्यांना ती काडी हमखास असते.

पर्यावरणाचा भाग आला की वक्ते ‘झाडं लावा’वर येऊन थांबतात. हे वाक्य फार स्वस्त झालं आहे. जुनं, अर्धं वठलेलं झाड धोकादायक नसेल तर तसंच उभं राहू द्या, हे सांगणं जास्त उपयोगाचं. तांबट आणि सुतार अशाच मऊ झालेल्या लाकडात ढोली करतात. ते सोडून गेले की तिथे पोपट, साळुंकी, पिंगळा राहतात. आणि मोकळं माळरान दिसलं की तिथे खड्डे खणायला धावू नका, हेही. चंडोल, धाविक, माळढोक यांना गवतच हवं असतं. माळावर उभं केलेलं झाड शिकारी पक्ष्याला टेहळणीची जागा देतं आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्याचं घर मोडतं.

मोठ्या संकटांबद्दल बोलताना हळहळ कमी आणि यंत्रणा जास्त सांगावी. गिधाडांची हकीकत याला फार चांगली. राजस्थानातल्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पक्षीतज्ज्ञ विभू प्रकाश यांना १९९०च्या दशकात गिधाडं कमी होताना दिसली. १९९२ ते २००७ या काळात भारतात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक घटली. आधी संशय कीटकनाशकांवर गेला, मग विषाणूवर. संशोधक लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मेलेली गिधाडं तपासली आणि २००४ साली कारण जाहीर केलं: गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक. औषध टोचल्यावर लवकरच मेलेल्या जनावराचं मांस खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात आणि युरिक आम्लाचे पांढरे कण आतल्या अवयवांवर साचतात. इथे श्रोते हमखास विचारतात, सगळ्याच जनावरांना थोडंच हे इंजेक्शन दिलं होतं? नव्हतंच. शंभरात एकापेक्षा कमी शवं विषारी असली तरी एवढी घट होऊ शकते, हे गणिताने दाखवलं गेलं. एका शवावर पन्नास-पन्नास गिधाडं उतरतात, आणि जोडी वर्षाला अंडं घालते एकच. २००६मध्ये भारत, नेपाळ आणि पाकिस्तानने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ साली भारतात कुपी ३ मिलिलिटरची करावी लागली. २०२३मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक या गुरांना दिल्या जाणाऱ्या वेदनाशामकांवरही बंदी आली. गुरं पाळणाऱ्यांपुढे बोलत असाल तर मागणी एकच आणि नेमकी: गुरांच्या दुखण्यावर डॉक्टरांकडे या औषधांऐवजी मेलॉक्सिकॅम मागा. गिधाडाला ते सुरक्षित आहे.

ज्याच्याकडून मागायचं त्याला ती गोष्ट किती महाग पडते, हे वक्त्याला ठाऊक हवं. आसाममध्ये दादरा गावात वन्यजीव-अभ्यासक पूर्णिमादेवी बर्मन यांनी हरगिला या मोठ्या करकोच्यासाठी २००७च्या सुमारास काम सुरू केलं, तेव्हा घरटी असलेली झाडं लोकांच्या परसात होती. खाली सडके मासे, विष्ठा, घाण वास. मालक झाड तोडत तो वैतागून, दुष्टपणाने नव्हे. त्यांनी गावातल्या बायकांना हाताशी धरलं, पक्ष्याला गावाच्या सणसमारंभांत आणलं, विणकामात त्याची नक्षी आणली. झाड राखण्याला मान मिळाला, तेव्हा वासाची किंमत मोजायला लोक तयार झाले. नागालँडमध्ये डोयांग जलाशयाजवळ २०१२ साली स्थलांतरावरचे अमूर ससाणे मासेमारीच्या जाळ्यांत हजारोंनी पकडले जात होते. धरण झाल्यावर मासेमारीकडे वळलेल्या लोकांचं ते हंगामी उत्पन्न होतं. त्यांच्याशी बोलणं झालं ते गावपरिषदांत आणि चर्चमध्ये, त्यांच्याच माणसांच्या तोंडून. पुढच्या वर्षी, २०१३च्या हंगामात, शिकार थांबली. त्याच नोव्हेंबरमध्ये तीन ससाण्यांना उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली आणि नावं दिली नागा, वोखा आणि पांगती. जेमतेम दीडशे ग्रॅमचा आपल्या गावाच्या नावाचा पक्षी अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत पोचल्याचं कळलं, तेव्हा पांगतीच्या लोकांना वेगळ्या व्याख्यानाची गरज उरली नाही.

प्रश्नोत्तरं संपल्यावरही वक्त्याने लगेच सामान आवरू नये. काही माणसं घुटमळत राहतात, कारण त्यांचा प्रश्न सगळ्यांसमोर विचारण्यासारखा नसतो. बहुतेक वेळा तो पिंजऱ्यातल्या पोपटाचा असतो. व्याख्यान ऐकून मन लागत नाही, आजच दार उघडून सोडून द्यायचा विचार आहे. त्यांना थांबवावं. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याच्या छातीचे स्नायू उडण्याइतके उरलेले नसतात, कापलेली पिसं पुढच्या पिसं झडण्याच्या काळापर्यंत परत येत नाहीत, आणि खाणं कुठे मिळतं, शिक्रा दिसला की काय करायचं, हे त्याने कधी पाहिलेलंच नसतं. असा पोपट पहिल्या दिवशीच कावळ्यांच्या तावडीत सापडतो. त्याला वन्यजीव उपचार केंद्रात न्यावं. तिथे मोठ्या जाळीच्या दालनात उडण्याची ताकद येते का, हे आठवडे-महिने पाहतात आणि मग ठरवतात. काहींना ती येत नाही, ते तिथेच राहतात. फोन नंबर लिहिलेला कागद आधीच खिशात तयार असला तर बरं, कारण हा प्रश्न विचारायला माणूस दुसऱ्यांदा येत नाही.